लोणारचें खारें पाणी

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, मेहकरच्या खालच्या बाजूस, लोणार हें तालुक्याचें गांव आहे. गांवाकडे येणाऱ्या वाटसरूला सरोवराची चाहूलहि लागत नाहीं. चोहोंकडे काळी जमीन, कापसाचीं व तुरीचीं शेतें, मधूनमधून बाभळी; वऱ्हाडांत सर्वत्र दिसावें तेंच दृश्य येथें दिसतें. मग एकाएकीं पायांखालची जमीन संपते, आणि जवळजवळ दीडशें मीटर खोल अशा एका प्रचंड परातीच्या कांठावर तो येऊन उभा राहतो. परातीची रुंदी पावणेदोन किलोमीटरांहून अधिक आहे. उतारावर साग व इतर झाडांचें रान. तळाशीं हिरवट, जड, संथ पाणी. आणि पाण्याच्या कडेला पांढुरक्या खाराची रेघ. वारा खालून वर आला म्हणजे त्याला एक उग्र वास असतो.

ह्या पाण्याची कथा पुराणांत आली आहे. लवणासुर नांवाचा दैत्य भूमीखालीं बिळांत राहून देवांना व मनुष्यांना त्रास देत असे. विष्णूनें सुंदर तरुणाचें रूप घेऊन दैत्याच्या बहिणींकडून त्या बिळाचा पत्ता काढला, बिळावरचें झांकण उडवून दिलें व त्याचा वध केला. विवरांतील पाणी हें त्या दैत्याचें रक्त आणि खार हें त्याचें मांस, असें लोक सांगत आले. ज्या रूपानें विष्णूनें हें काम केलें तें दैत्यसूदनाचें. त्याचें देऊळ लोणार गांवांत उभें असून वऱ्हाडांतील जुन्या शिल्पकामाचा तो एक उत्तम नमुना मानला जातो. पुराणांतील ही गोष्ट पुढील इतिहास ऐकतांना विसरूं नये. कारण वरून कांहीं तरी आलें, तडाखा बसला, आणि त्या ठिकाणीं खड्डा पडला, एवढी गोष्ट पुराणिकानें तरी धरून ठेवली होती. एकोणिसाव्या शतकांतील शास्त्रज्ञांना ती सुचण्यास फार वेळ लागला.

विवराच्या कांठावर व आंत लहानमोठीं अनेक देवळें आहेत. ईशान्येकडील कांठावर गोमुखांतून एक झरा अखंड पडतो. त्याला धार असें म्हणतात. धारेचें पाणी गोड असून तेथें स्नानासाठीं दूरदूरचे लोक येतात. सीता न्हाणी, रामगया असे आणखीहि गोडे झरे आहेत. सरोवराच्या अगदीं कडेला कमळजादेवीचें देऊळ आहे, आणि नवरात्रांत तेथें यात्रा भरते. महानुभावांच्या लीळाचरित्रांत लोणारचा उल्लेख येतो. म्हणजे यादवांच्या काळीं हें क्षेत्र चांगलेंच प्रसिद्ध असलें पाहिजे.

गोड झरे आंत पडतात, पाऊसहि आंत पडतो, मग सरोवर खारें कां? ह्याचें उत्तर त्याच्या आकारांत आहे. विवराला पाणी बाहेर जाण्यास वाट नाहीं. पाणी येण्याच्या वाटा अनेक, जाण्याची वाट मुख्यतः एकच, ती वाफेची. काळ्या खडकांतून झिरपतांना पाणी सोडियमचे क्षार बरोबर घेऊन येतें. उन्हानें पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मागें राहतात. असें हजारों वर्षें चाललें म्हणजे जें उरतें तें समुद्राच्या पाण्याहूनहि निराळें असतें. कारण त्यांत मिठाबरोबर धुण्याच्या सोड्याचा अंश पुष्कळ असतो. पाण्याचा क्षारगुण पी. एच. ह्या अंकानें मोजतात. शुद्ध पाण्याचा अंक ७ असतो. लोणारच्या पाण्याचा अंक दहाच्या आसपास मोजला गेला आहे. असल्या पाण्यांत नेहमींचे मासे जगत नाहींत. परंतु स्पायरुलिनासारखें निळें-हिरवें सूक्ष्म शेवाळ त्यांत भरपूर वाढतें, पाण्याला रंग देतें, आणि त्यावर पोट भरणारे रोहित पक्षी त्यासाठींच येथें उतरतात. थोडक्यांत, इतर तळ्यांत जो दोष मानला जाईल तोच येथें सर्व जीवसृष्टीचा आधार आहे.

हा खार माणसांच्याहि उपयोगी पडला. अकबराच्या काळीं अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करतांना लोणारचा उल्लेख केला आहे. ब्राह्मण ह्या स्थळाला विष्णुगया म्हणतात, हें त्यानें नोंदविलें, आणि त्याचबरोबर काच व साबण करण्यास लागणारे पदार्थ येथें मिळतात व त्यांपासून सरकारला चांगलें उत्पन्न होतें, हेंहि टिपलें. तीर्थ आणि महसूल ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं पाहणारा तो कारभारी होता. पुढें निजामाच्या अमलांत आणि १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेल्यावरहि खाराची नोंद सरकारी कागदपत्रांत होत राहिली. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशीं खाराच्या निरनिराळ्या प्रकारांचीं नांवें त्यांत सांपडतात. पापडी म्हणजे पातळ पापुद्रा आणि भुसकी म्हणजे भुकटी, हें नांवांवरूनच कळतें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे मजूर खालीं उतरून कांठावरचा व उथळ तळावरचा खार गोळा करीत. बांगड्यांसाठीं काच, कपडे धुण्यासाठीं साबण, रंगाऱ्याचें काम, घरोघरचे पापड, अशा कितीतरी ठिकाणीं तो जाई.

ह्या धंद्यांत शहाणपण होतें असें म्हणण्यापेक्षां सोय होती असें म्हणणें अधिक खरें. कोणीं सरोवर राखण्याचा विचार करून खार काढीत नव्हतें. परंतु उन्हाळा संपे, पाऊस पडे, पाणी चढे, आणि काम आपोआप बंद पडे. जें माणसानें नेलें तें खडकांतून झिरपणारें पाणी हळूहळू भरून काढी. सरोवराची मर्यादा सरोवरच घालून देत असे आणि माणसाजवळ ती ओलांडण्याचें साधन नव्हतें. पुढें कारखान्यांतील सोडा स्वस्त मिळूं लागला, लोणारच्या खाराला पूर्वीचें महत्त्व उरलें नाहीं, आणि सरोवराशीं गांवाचा जो एक व्यवहाराचा संबंध होता तो तुटला. पुढील हकीकत समजण्यास ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या पाण्यावर पोट चालतें त्याची कोणीतरी विचारपूस करतो. ज्याच्यावर कोणाचेंच पोट नाहीं त्यांत वाटेल तें सोडलें तरी ओरड होण्यास वेळ लागतो.

आतां शास्त्रज्ञांची गोष्ट. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें हें विवर पाहून त्याची माहिती युरोपियन विद्वानांना करून दिली. तेव्हांपासून हा खड्डा झाला कसा, हा वाद सुरू झाला, आणि तो दीडशें वर्षें चालला. सभोंवार सर्व देश ज्वालामुखीच्या खडकाचा. तेव्हां हाहि ज्वालामुखीचाच प्रताप असला पाहिजे, असें बहुतेकांना वाटलें. १८९६ सालीं गिल्बर्ट ह्या अमेरिकन भूवैज्ञानिकानें लोणारची तुलना अमेरिकेतील ॲरिझोनाच्या विवराशीं केली. तुलना अगदीं बरोबर होती, अनुमान मात्र चुकलें. दोन्ही विवरें भूमीखालच्या वाफेच्या स्फोटानें झालीं असा त्याचा कल होता. १९१२ सालीं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश व ख्रिस्ती ह्या दोघांचा लोणारवरील प्रबंध प्रसिद्ध झाला, तरीहि आकाशाकडे बोट दाखविण्यास कोणी फारसें तयार नव्हतें.

निकाल लागला तो १९७३ सालीं. भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं मिळून तळ्याच्या गाळांत भोकें पाडून खालचा दगड वर काढला. त्यांत फेल्डस्पार ह्या खनिजाचे असे कण सांपडले कीं ज्यांचा आकार स्फटिकाचा राहिला होता, पण आंतून त्यांची काच झाली होती. उष्णतेनें खनिज वितळलें तर त्याचा आकारच नाहींसा होतो. आकार कायम ठेवून काच करणारी शक्ति म्हणजे क्षणार्धांत बसणारा भयंकर दाब. ज्वालामुखीजवळ तसा दाब नसतो, आकाशांतून येणाऱ्या अशनीच्या तडाख्यांत असतो. चंद्रावरून माणसें दगड घेऊन परत आलीं त्याला तेव्हां थोडींच वर्षें झालीं होतीं. चंद्रावरचीं मैदानें अशाच काळ्या खडकाचीं आहेत, आणि त्यांवर अशनींनीं पाडलेले खड्डे आहेत. त्यामुळें चंद्र पाहण्यासाठीं ज्यांना चंद्रावर जातां येत नाहीं असे अभ्यासक बुलढाणा जिल्ह्यांत येऊं लागले. विवराच्या वयाविषयीं मात्र मतें बदलत गेलीं. एका पद्धतीनें तें सुमारें ५२,००० वर्षें ठरलें होतें. पुढें दुसऱ्या, अधिक सूक्ष्म पद्धतीनें तें सुमारें ५,७०,००० वर्षें निघालें.

विवराचें वय लाखांत मोजीत असतां त्याच्या कांठावरील गांवाचें मोजमाप दशकांत होत होतें. लोणारची वस्ती वाढली. विहिरी खोल गेल्या, विंधनविहिरी आल्या. धारेच्या पाण्यावर विवराच्या आंतच केळी-पपयांच्या बागा होत होत्या. त्यांत रासायनिक खतें पडूं लागलीं, आणि तीं पावसाबरोबर खालीं जाऊं लागलीं. गांवाच्या गटारांचें पाणीहि उताराला लागलें. यात्रेकरूंचें धुणें, निर्माल्य व कचरा हीं होतींच. वेडी बाभूळ कांठावर माजली व तेथील मूळच्या झुडपांना तिनें जागा ठेवली नाहीं. ह्यांतील एकहि गोष्ट कोणीं दुष्टपणानें केली नाहीं. माणसांना पाणी हवें होतें, भाजी हवी होती, घरासमोरचें घाण पाणी कोठेंतरी जावयास हवें होतें. आणि उतार तळ्याकडे होता.

ह्याच काळांत दूर कांहीं वेगळें घडत होतें. १९७१ सालीं इराणांतील रामसर ह्या गांवीं अनेक राष्ट्रांनीं मिळून पाणथळ प्रदेशांच्या रक्षणाचा करार केला. १९७२ सालीं स्टॉकहोम येथें पर्यावरणावरील पहिली मोठी जागतिक परिषद भरली. यजमान देशाचे पंतप्रधान सोडले तर तेथें जाणाऱ्या पंतप्रधान एकट्या इंदिरा गांधीच होत्या, आणि दारिद्र्याचा प्रश्न बाजूला ठेवून निसर्गरक्षणाचा विचार करतां येणार नाहीं, हें त्यांनीं श्रीमंत राष्ट्रांना स्पष्ट ऐकविलें. त्याच वर्षीं भारतांत वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. १९८२ सालीं भारतानें रामसर करार स्वीकारला. १९८७ सालीं नॉर्वेच्या श्रीमती ब्रुंटलँड ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें शाश्वत विकासाची कल्पना मांडली. चालू पिढीनें आपल्या गरजा भागवाव्या, परंतु पुढच्या पिढ्यांची तशी शक्ति हिरावून घेऊं नये, असा तिचा सारांश. १९९२ सालीं रिओ येथें तिला राष्ट्रांची मान्यता मिळाली, आणि २५ सप्टेंबर २०१५ रोजीं संयुक्त राष्ट्रांनीं २०३० पर्यंत गांठावयाचीं सतरा उद्दिष्टें ठरविलीं.

ह्या सतरांतील सहावें उद्दिष्ट पाण्याचें आहे, आणि लोणारकरांनीं तें एकदां लक्षपूर्वक पाहण्यासारखें आहे. प्रत्येक माणसाला पिण्याचें शुद्ध पाणी व प्रत्येक घराला सांडपाण्याची नीट व्यवस्था, हीं कलमें त्यांत आहेत. आणि त्याच उद्दिष्टांत, डोंगर, अरण्यें, पाणथळी, नद्या व सरोवरें ह्यांचें रक्षण २०२० पर्यंत व्हावें, असेंहि एक कलम आहे. म्हणजे गांवाचें गटार आणि गांवाचें सरोवर हे दोन्ही प्रश्न एकाच क्रमांकाखालीं येतात. सरोवराच्या बाजूनें बोलणारे व गांवाच्या बाजूनें बोलणारे हे परस्परांचे शत्रू आहेत असें जें पुष्कळदां भासविलें जातें, तें ह्या दृष्टीनें पाहिलें तर लंगडें ठरतें. गटाराची व्यवस्था झाल्यावांचून सरोवर वांचत नाहीं, आणि सरोवरासाठीं ओरड झाल्यावांचून गटाराकडे कोणी पाहत नाहीं, असाच लोणारचा अनुभव आहे.

ती ओरड आधीं स्थानिक लोकांनींच केली. २००० सालीं सरकारनें विवराचा परिसर वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर केला. परंतु जाहीरनाम्यानें गटार थांबत नाहीं. २००९ सालीं कांहीं नागरिक मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेले. न्यायालयानें ह्या प्रकरणावर वर्षानुवर्षें लक्ष ठेवलें. सांडपाण्यावरील प्रक्रिया, अतिक्रमणें, वेडी बाभूळ, रस्ते अशा एकेका गोष्टीचा जाब अधिकाऱ्यांना द्यावा लागला. विवरांतील शेती बंद झाली. ज्यांच्या बागा गेल्या त्यांना हें गोड वाटलें असेल असें मानण्याचें कारण नाहीं, आणि सरोवराच्या रक्षणाचें जमाखर्च मांडतांना हा खर्चहि लिहिला पाहिजे.

२०२० च्या जून महिन्यांत सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें. त्या वेळीं साथीमुळें सर्व देश घरांत कोंडलेला होता. गुलाबी पाण्याचीं चित्रें घरोघर पोहोंचलीं, आणि ज्यांनीं लोणारचें नांवहि ऐकलें नव्हतें त्यांना तें ठाऊक झालें. उच्च न्यायालयानें ह्याचीहि दखल घेतली. वनखात्यानें पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी संस्थेकडे व पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेकडे पाठविले. पुण्याच्या परीक्षणांतून कळलें कीं हें काम अतिशय खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या हॅलोआर्किया नांवाच्या सूक्ष्म जीवांचें आहे. उन्हानें पाणी कमी झालें, खारटपणा वाढला, त्या जीवांना मनासारखी परिस्थिति मिळाली, आणि त्यांच्या अंगच्या रंगानें पाणी रंगलें. ते जीव तळाशीं बसल्यावर रंगहि ओसरला. ज्यांना हा प्रदूषणाचा पुरावा वाटला त्यांची भीति त्या वेळेपुरती तरी अनाठायीं होती. सरोवर आजारी पडलें नव्हतें; त्याचा खारेपणा अद्याप जिवंत आहे एवढेंच त्यानें दाखविलें होतें.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत लोणारचें नांव रामसर यादींत दाखल झालें. क्षेत्र सुमारें ४२७ हेक्टर. नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रांतील हें दुसरें स्थळ. सहाव्या उद्दिष्टांतील सरोवररक्षणाच्या कलमाची मुदतहि त्याच वर्षीं संपत होती. हा योगायोगच, पण त्यांत एक गंमत आहे. रामसर करारांत सुज्ञ उपयोग असा एक शब्दप्रयोग वारंवार येतो. पाणथळ प्रदेशाला कुंपण घालून माणसांना हांकलून द्यावें असें तो करार सांगत नाहीं. त्याच्या मूळ स्वभावाला धक्का न लावतां त्याचा उपयोग करावा, असें सांगतो. उन्हाळ्यांत खार काढणारे मजूर नकळत जें करीत होते, तेंच आतां समजून उमजून करावयाचें आहे.

आणि येथेंच लोणारची खरी अडचण आहे. इतर ठिकाणीं तळें राखणें म्हणजे तें भरलेलें ठेवणें व त्याचें पाणी गोड ठेवणें. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यांत ज्यांनीं हंडे घेऊन कोसभर पायपीट केली आहे त्यांना भरलेल्या तळ्यासारखें दुसरें सुख नाहीं. आणि गेल्या कांहीं वर्षांत ह्या जिल्ह्यांत पाणी अडविण्याचीं व तळीं उपसण्याचीं कामें मोठ्या उत्साहानें झालीं तींहि योग्यच झालीं. परंतु लोणारच्या सरोवराला तोच नियम लागूं नाहीं. एके काळीं पाणी आटत चाललें म्हणून चिंता होती. नंतर, अलीकडच्या वर्षांत, उलट पाण्याची पातळी चढत गेली. पाणी कमळजादेवीच्या देवळापर्यंत आलें, आणि ज्या पाण्यांत मासा जगत नसे त्यांत मासे दिसल्याच्या बातम्याहि आल्या. सामान्य माणसाला ह्यांत शुभचिन्ह दिसेल. पण मासा दिसणें म्हणजे पाण्याचा खार पातळ होणें. खार पातळ झाला म्हणजे तें हिरवें शेवाळ जाणार, त्यावर जगणारे पक्षी जाणार, आणि जे सूक्ष्म जीव इतरत्र क्वचितच आढळतात तेहि जाणार. मग उरेल तें इतर कोणत्याहि तळ्यासारखें एक तळें, फक्त खोल खड्ड्यांतलें.

म्हणून लोणारला घाण पाणी नको एवढेंच म्हणून भागत नाहीं. मर्यादेपलीकडे गोड पाणीहि नको. प्रक्रिया करून स्वच्छ केलेलें सांडपाणी आंत सोडलें तरी सरोवराचें नुकसानच व्हावयाचें. तें शेताला द्यावें, विवराच्या उताराबाहेर न्यावें, हाच मार्ग आहे. आणि त्यासाठीं नळ, पंप, पैसा व रोजची देखरेख लागते. ही देखरेख तालुक्याच्या गांवाच्या नगरपालिकेनें करावयाची, आणि तिच्यापुढें रस्ते, दिवे, पिण्याचें पाणी हीं कामें आधींच रांगेत उभीं असतात. न्यूयॉर्कला ठरलेलें उद्दिष्ट अखेर येथें येऊन पोहोंचतें, एका गटाराच्या तोंडाशीं.

झऱ्यांचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. वरच्या विहिरींनीं फार पाणी ओढलें तर झरे क्षीण होतात. आजूबाजूच्या जमिनींत पाणी फार मुरलें तर ते जोरानें वाहतात. धार ही तीर्थ असल्यामुळें ती बंद व्हावी असें कोणी म्हणणार नाहीं, आणि ती बंद करतां येईल असेंहि नाहीं. पाऊस किती पडेल हें कोणाच्या हातीं नाहीं. हातीं आहे तें एवढेंच कीं झऱ्यांचा प्रवाह, विहिरींची पातळी व पाण्याचा क्षार ह्यांचें मोजमाप वर्षानुवर्षें न चुकतां ठेवावें, म्हणजे सरोवराचा स्वाभाविक चढउतार कोणता आणि माणसानें घडविलेला कोणता हें ओळखतां येईल. गोमुखांतून पाणी रात्रंदिवस पडतें, स्नान करणाऱ्यांच्या डोक्यावरून कुंडांत जातें, आणि तेथून देवळांच्या पायऱ्यांजवळून, झाडींतून, दगडांवरून खालीं खाऱ्या पाण्याकडे उतरतें.